खुंटीवरचा फोन

"हा बंद कसा करायचा?"

तेलंगणाच्या सीमेवरच्या करंजखेड्यात नवा टॉवर सुरू झाला, त्या दिवशी हा प्रश्न विचारणारं माणूस अख्ख्या गावात एकच निघालं. ती वृषाली. बाकी गाव हातात फोन धरून खुळावलं होतं. ज्यांना आजवर एक फोन लावायला पैनगंगेच्या काठापर्यंत पायपीट करावी लागायची, ते आता घराच्या ओसरीत बसून नांदेडच्या भाच्याला विचारत होते, "जेवला का रे?" किराणा दुकानवाली विमलबाई तर समोर उभ्या असलेल्या नवऱ्यालाच फोन लावून "ऐकू येते का? ऐकू येते का?" करत होती. सरपंच लक्ष्मणराव फीत कापून, नारळ फोडून फोटोसाठी पोट आत घेऊन उभे होते. आणि ही बाई तारेच्या कुंपणापाशी जाऊन, आतल्या माणसाला विचारत होती – हा बंद कसा करायचा?

आतला माणूस पेटीसारख्या डब्याचं झाकण लावत होता. तोंडात एक स्क्रू धरलेला. त्यानं मान वळवली, तोंडातला स्क्रू काढला आणि शांतपणे म्हणाला, "आताच तर सुरू केला बाप्पा. फीत तरी सुकू द्या."

"फीत सुकत नसते."

"हो ना जी. पण माहा घाम तर सुकन?"

वृषालीला हसू आलं. ते तिनं गिळलं, कारण ती खरंच रागात होती. रागाचं कारण साधं होतं. भीमपूरला एका खासगी कंपनीचं शेतकरी सल्ला केंद्र होतं, तिथे ती कामाला होती. कपाशीवर बोंडअळी आली, सोयाबीन पिवळं पडलं, की शेतकरी फोन करायचे आणि वृषाली त्यांना मराठीत समजावून सांगायची. सकाळी आठ ते पाच. नेमणुकीच्या कागदावरही तसंच लिहिलेलं होतं. पण आदिलाबादला बसणारे तिचे साहेब, गोपाल सर, घड्याळ नावाची वस्तू फक्त सकाळी बघायचे. भीमपूरच्या खोलीवर राहत होती तेव्हा सातला, आठला, जेवता जेवता फोन. "ए अम्मा, अहवालातला तो एक रकाना रिकामा आहे." "ए अम्मा, सकाळचा फोटो परत टाक." म्हणून तर ती खोली सोडून आईजवळ करंजखेड्याला राहायला आली होती. ऑटोनं वीस मिनिटं, आणि पुलाच्या अलीकडे आलं की फोनच्या कोपऱ्यातल्या रेघा एकेक करून मालवायच्या. तेवढी वीस मिनिटं तिला फार आवडायची.

आणि आता हा लोखंडी राक्षस!

"तुमाले त्रास काय हाय टॉवरचा?" त्यानं विचारलं. हर्षदीप त्याचं नाव. राहणारा बाजारहत्नूरचा. या पट्ट्यातले चौदा टॉवर त्याच्या अंगावर होते.

"आमचे सर आता घरी बी फोन करतीन."

"मंग? टॉवर नव्हता म्हणून सांगा. सगळा जिल्हा तेच सांगते." तो कुंपणाजवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मी बी सांगतो कवा कवा. टॉवरखाली उभा राहून."

आता मात्र तिला हसू गिळता आलं नाही. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. गडी बोलता बोलता अर्ध्या शब्दात थांबला, "हो साहेब, निघालो साहेब" म्हणाला, आणि धुरळा उडवत गेलासुद्धा. वृषाली कुंपणाची तार धरून तशीच उभी. डोळे तपकिरी होते मेल्याचे, हे तिला घरी पोहोचल्यावर आठवलं.

त्याच संध्याकाळी गोपाल सरांचे तीन फोन येऊन गेले. तिनं एकही उचलला नाही आणि सकाळी केंद्रावर गेल्यावर, जे सगळा जिल्हा सांगतो तेच सांगितलं. "सर, टॉवर नव्हता."

पलीकडून सर अगदी गोडीनं म्हणाले, "ए अम्मा, ग्रुप बघ जरा."

तिनं ग्रुप उघडला. लक्ष्मणरावांनी उद्घाटनाचे फोटो तालुकाभर वाटले होते, ते फिरत फिरत सरांपर्यंत पोहोचले होते. मधोमध सरपंच, पोट आत. मागे टॉवर. आणि टॉवरच्या पायथ्याशी, अगदी लखलखीत उजेडात, एका तपकिरी डोळ्यांच्या माणसाकडे बोट रोखून उभी असलेली वृषाली.

कान तापले तिचे. चोरी पकडली गेली म्हणून नव्हे, आपण चोरी केली याचाच जास्त राग आला. आपला वेळ आपण घरी घालवला, आणि वर त्यासाठी खोटं बोललो? कशासाठी? तिनं खुर्ची मागे सारली आणि उभी राहून, सर समोर असल्यासारखी बोलली.

"टॉवर होता, सर. मी उचलला नाही. पाचनंतर माझी ड्यूटी नसते."

इतकं साधं वाक्य. पण बोलून झाल्यावर तिला पाणी प्यावं लागलं.

त्या दिवशी घरी आल्यावर तिनं फोन पिशवीत टाकला आणि पिशवी दारामागच्या खुंटीला अडकवली. ही खुंटी तिच्या आईची, पंचफुलाबाईची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रानात रोजानं निंदण-वेचण केलेली बाई. घरी आली की खुरपं धुवायची, या खुंटीला टांगायची, आणि एकदा टांगलं की सकाळपर्यंत खुरप्याला कोणी हात लावायचा नाही. वृषाली नोकरीला लागली तेव्हा पंचफुलाबाईनं रानात जाणं बंद केलं. खुरपं माळ्यावर गेलं. खुंटी रिकामीच होती.

"हे काय टांगलं वो?" आईनं विचारलं.

"माहं खुरपं," वृषाली म्हणाली.

पंचफुलाबाई तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला ठसका लागला.

सरांसाठी वृषालीनं एक वाट मात्र उघडी ठेवली. खरंच तातडीचं असलं तर शेजारच्या विमलबाईच्या दुकानात फोन करावा, ती हाक मारेल. नंबरही लिहून दिला. सरांनी एकदाच केला. विमलबाईनं आधी त्यांचं गाव विचारलं, मग आडनाव, मग म्हणाली, "कोण मेलं का? नाही? कोणी दवाखान्यात हाय? नाही? रकाना? रकाना म्हंजे काय जी... मंग तो रकाना काय रातभर जागते का? सकाळी करा." आणि ठेवला. त्यानंतर सरांना त्या नंबरावर सांगण्याजोगं तातडीचं काही सापडलं नाही.

हर्षदीप मात्र येत राहिला. नव्या टॉवरला आठवड्यातून एकदा बघावं लागतं म्हणे. पण हा आठवडा कधी तीन दिवसांचा व्हायचा, तर कधी दोन. यायची वेळही नेमकी – वृषालीचा ऑटो पाराशी थांबायला आणि याची मोटारसायकल टॉवरपाशी थांबायला एकच गाठ. कपाशी फुटली होती. संध्याकाळचं ऊन पांढऱ्या रानावर पडून परत तोंडावर यायचं, आणि त्या उजेडात दोघं पारापासून घरापर्यंतचा दीडशे पावलांचा रस्ता अर्ध्या तासात कापायची.

"एक सांगू?" तो एकदा म्हणाला. "मी पाच वाजता टॉवरच बंद करून टाकत जाऊ का? तुमच्यासाठी. कोणाले नाही सांगणार."

"आन कोणाच्या लेकराले ताप आला, एकशे आठ लावा लागली, तर?"

"...हे तर ध्यानातच नाही आलं."

"टॉवर बंद करून काय होते जी? आपलं तोंड उघडा लागते."

"तुमचं उघडंच असते."

"तुमाले आवडत नाही का?"

तो थांबला. तिनंही पाऊल आखडलं. त्याच्या ओठांवर उत्तर आलं होतं, तिला ते दिसतही होतं... आणि खिसा वाजला.

"हो साहेब. कोणता? अलार्म कवा आला? निघालो साहेब."

असंच व्हायचं. दरवेळी. हैदराबादेत कुठेतरी एका खोलीत दिवा लाल व्हायचा आणि करंजखेड्यात एक वाक्य अर्धं राहायचं. त्यानं "जयभीम मावशी" म्हटल्याबरोबर पंचफुलाबाई त्याला ओट्यावर बसवायची, आलं घालून चहा ठेवायची. कप त्याच्या हातात पोहोचायचा, एक घोट जायचा, आणि फोन. तीन वेळा तसं झाल्यावर तिनं लेकीला सुनावलं, "पोट्टा चांगला हाय. पण हा चहा पेत नाही वो, नुसता थंडा करते."

वृषालीला त्या अर्ध्या कपांचा राग यायचा. आणि कप विसळताना, जिथून त्यानं घोट घेतला ती कड ती जरा जास्त वेळ चोळायची, याचाही राग यायचा.

अशातच गोपाल सरांचा निरोप आला. शनिवारी सगळ्या केंद्रांवरच्या मुलींनी आदिलाबादला यायचं. एका कागदावर दस्तखत करायची – रात्री नऊपर्यंत फोन उचलीन. जी करणार नाही, तिचं एक तारखेपासूनचं नवं करारपत्र निघणार नाही.

ते वाचून वृषालीनं पहिल्यांदा काय केलं? आईच्या हातांकडे बघितलं. बोंडांच्या काट्यांनी वर्षानुवर्षं ओरबाडलेली ती बोटं आताशा कुठे मऊ पडायला लागली होती. ही नोकरी गेली तर माळ्यावरचं खुरपं खाली येणार, आणि आई पहाटे लोकांच्या रानात वेचायला जाणार. एवढं सगळं त्या एका कागदात होतं.

गुरुवारी हर्षदीप आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. त्याच्या तोंडून काय ऐकायचं होतं, तिचं तिलाच नीट माहीत नव्हतं. पण जे ऐकलं, ते नक्कीच नव्हतं.

"मंग करून टाका ना दस्तखत," तो म्हणाला. "उचलायचा फोन. दोन मिनिटांचं काम असते."

"दोन मिनिटांचं?"

"नाहीतर काय. घरीच तर असता तुमी. पाचनंतर करता काय असं?"

हा प्रश्न सरांनी विचारला होता. केंद्रावरच्या लोकांनी विचारला होता. सख्ख्या मावशीनं विचारला होता. सगळ्यांना वाटायचं, ही काहीतरी मोठं करत असणार – परीक्षेचा अभ्यास, शिवणकाम, शिकवणी. काहीतरी भारदस्त कारण असल्याशिवाय माणूस इतका हटून बसेल कसा?

"काही नाही करत," वृषाली म्हणाली.

"म्हंजे?"

"म्हंजे काही नाही. ओट्यावर बसते. आईच्या डोक्याले तेल लावते. भुईमुगाच्या शेंगा खातो आमी. रस्त्यानं कोण गेलं ते पाह्यतो. टरफलं झाडतो, आन आत जातो. कारण काऊन पायजे मले? पाच वाजले, हे कारण नाही का?"

"तसं नाही, पण..."

"तुमाले नाही समजणार. तुमी तर फोनशी लगन लावलं हाय. आज इतके दिवस झाले, एक वाक्य पुरं नाही केलं तुमी माह्याजवळ. एक कप चहा नाही पेला!"

तो काहीतरी बोलणार होता. या वेळी खरंच बोलणार होता, चेहरा उतरला होता त्याचा. आणि खिसा वाजला. त्यानं फोनकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं... आणि फोन उचलला.

वृषाली घरात गेली. मोटारसायकलचा आवाज पुलापर्यंत ऐकू येत होता. तो विरेपर्यंत ती दाराआड उभी होती, हे तिनं कोणाला सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी निघताना पंचफुलाबाईनं डबा दिला आणि लेकीच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "माह्यासाठी दस्तखत करू नको. माहं खुरपं काही गंजलं नाही अजून."

"तुले जा लागलं तर?"

"जाईन की. पण ऐक. आमी रोजानं जात होतो. अडाणी होतो. तरी दिवस बुडाला का मालकाची मजाल नव्हती हाक मारायची. बाया रान सोडून निघाल्या म्हंजे निघाल्या. आन तुमी शिकल्या-सवरल्या पोट्ट्या, तुमचा दिवस बुडतच नाही का वो?"

हे वाक्य वृषालीनं डब्यासोबत बांधून नेलं.

आदिलाबादच्या ऑफिसात लांबट टेबलाभोवती सहा जणी बसल्या होत्या. इंद्रवेल्लीच्या केंद्रावरची प्रतिभा तिच्या शेजारी. प्रत्येकीसमोर एक कागद आणि कागदावर एक पेन, अगदी नीट तिरपं ठेवलेलं. गोपाल सर वाईट माणूस नव्हते. चहा मागवला होता, बिस्किटं होती. त्यांनाही वरून कोणीतरी रात्री दहाला फोन करत असणार. पण म्हणून काय...

"करा अम्मा, वेळ नका घालवू."

वृषालीनं कागद अलगद पुढे सरकवला. "मी नाही करणार, सर."

"कारण?"

"पाच वाजता माझं काम संपतं."

"आणि एखाद्या शेतकऱ्याला फवारणीचं विष बाधलं तर? तेव्हाही पाच वाजले म्हणशील?"

"विष बाधलं तर तो एकशे आठला फोन करतो, सर, आणि करायलाही तिथेच पाहिजे. आमच्याकडे तुम्ही पाचनंतर रकाने मागता. आजवर विष एकदाही मागितलं नाही."

कोणीतरी खुदकन हसलं. सरांचा चेहरा लाल झाला. "मग एक तारखेपासून घरीच बस."

वृषालीच्या डोळ्यांपुढून आईची बोटं गेली. पण आवाज मात्र कुठून आला कोण जाणे, अगदी सरळ आला. "बसते. फक्त तसं लिहून द्या. कारण म्हणून लिहा – पाचनंतर फोन उचलत नाही. आणि खाली तुमची दस्तखत करा."

"लिहून कशाला?"

"माझी आई रोजानं रानात जायची, सर. दिवस बुडाल्यावर तिला मालकानं कधी हाक मारली नाही. तिला दाखवायचा आहे कागद. लेक शिकली, त्याचं काय झालं ते."

सरांनी पेन उचललं. पेन हवेतच राहिलं. हे असलं वाक्य कंपनीच्या कागदावर, आपल्या सहीनिशी... त्यांनी पेन खाली ठेवलं.

आणि तेव्हा शेजारून प्रतिभा बोलली. इतकी हळू की आधी कोणाला कळलंच नाही. "माझंही तसंच लिहा, सर." तिनं पेनाला टोपण लावलं. टक्. पलीकडच्या मुलीनं लावलं. टक्. टेबलाभोवती टोपणं लागत गेली. बोंडअळीच्या ऐन हंगामात सहा केंद्रं रिकामी करून, मराठीत बोलणाऱ्या सहा नव्या मुली आठवड्यात कुठून आणणार, हा हिशेब सरांच्या कपाळावर उमटलेला सगळ्यांनी वाचला.

सर पाणी प्यायले. त्यांनी कागद गोळा केले, ड्रॉवरमध्ये टाकले. "बघू नंतर," ते म्हणाले. "चहा घ्या. थंड होतोय."

जिंकली म्हणायचं का याला? ड्रॉवरमधले कागद उद्या पुन्हा बाहेर येऊ शकत होते. पण त्या दिवशी तरी सहा जणी मोठ्यानं हसत बसस्टँडवर आल्या, आणि वृषाली भीमपूरच्या बसमध्ये खिडकीशी बसली. हे सगळं, टोपणांच्या टक् टक् सकट, तिला एकाच माणसाला सांगायचं होतं. आणि त्याच्याशी तर तिचं बोलणं बंद होतं. तिला स्वतःचाच असा राग आला की तिनं खिडकीची काच आपटून लावली.

रविवारी तो आला नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. पाराशी ऑटो थांबला की मान आपोआप टॉवरकडे वळायची, आणि मग ती मानेलाच दटावायची.

गुरुवारी, साडेपाचचा सुमार. सूर्य कपाशीच्या पल्याड टेकला होता. पिशवी खुंटीला होती, पंचफुलाबाईच्या केसांत तेलाचा हात होता, आणि तेवढ्यात कुडापलीकडून विमलबाईची हाक आली.

"वृषालेऽऽ! फोन! अर्जंट हाय म्हणते!"

आजवर त्या दुकानातून अशी हाक आली नव्हती. कोण? काय झालं? तेलकट हातानंच ती धावत सुटली. विमलबाई फोन छातीशी धरून उभी होती. चेहरा गंभीर करायचा फार प्रयत्न चालला होता तिचा.

"कोण मेलं?" वृषालीनं धापा टाकत विचारलं.

"मीबी तेच इचारलं. कोणी नाही मेलं म्हणते." विमलबाईनं फोन पुढे केला. "पण तो पोट्टा मरून राह्यला. घे."

"हॅलो...?"

"मी हाय," हर्षदीपचा आवाज. "पाचनंतर तुमच्या फोनवर करायचा नसते ना. म्हणून इकडून केला. विमलबाईनं गाव, आडनाव, सगळं इचारलं. आन अर्जंट काय ते सांगितल्याबिगर फोन देणार नाही म्हणे. मंग... आधी त्याइलेच सांगा लागलं."

"काय सांगितलं?"

"तेच. जे दर वेळी अर्धं राह्यते."

वृषालीनं विमलबाईकडे बघितलं. विमलबाईनं घाईघाईनं साखरेच्या पोत्यात डोकं घातलं.

"कुठून बोलून राह्यले?"

"टॉवरखालून."

तिनं मान वळवली. दोनशे पावलांवर, कुंपणाला टेकून, कानाला फोन लावून तो उभा होता. संध्याकाळच्या उजेडात त्याची सावली थेट रस्त्यापर्यंत आली होती.

"इतकं जवळ हाय, तर फोन काऊन केला? पाय नाही का?"

"तुमी बोलसान का नाही, भेव वाटत होतं."

"नाही बोलणार," ती म्हणाली. "फोनवर नाही बोलणार. चालत या."

तो आला. ओट्याशी उभा राहिला, बसला नाही. पंचफुलाबाई आत चहा ठेवायला गेली.

"माह्या मायनं परवा जेवाले वाढलं," तो तिच्याकडे न बघता सांगू लागला. "फोन वाजला. मी उठायच्या आधीच तिनं ताट झाकलं. मी काही बोललो बी नव्हतो. तिले सवय झाली हाय, वृषाली... माहं ताट झाकायची. आन मले तुमचा तो चहा आठवला. मंग साहेबाले सांगतलं. भांडलो म्हणा. आता सोमवार-गुरुवारची संध्याकाळ चौदाही टॉवर माह्यासोबत काम करणारा करण पाह्यते, बाकीच्या संध्याकाळी मी. साहेब पुटपुटला लय. पण लिहून घेतलं."

"लिहून?"

"तुमीच तर लिहून मागतलं म्हणे आदिलाबादले. इंद्रवेल्लीच्या टॉवरवर मले तुमच्या प्रतिभाताई भेटल्या. सगळं सांगतलं त्याइनं. टोपणाचं बी." आता त्यानं वर बघितलं. "तुमाले मी त्या दिवशी दोन मिनिटं म्हणालो ना... चुकलो मी. मले तुमची दोन मिनिटं नको. मले ती टरफलं झाडायची हायेत तुमच्यासोबत. सगळ्या मोकळ्या संध्याकाळी. जिंदगीभर."

वाक्य पुरं झालं होतं. पहिल्यांदाच. भांडायला उभी राहिली की जिला शब्द कमी पडत नसत, त्या वृषालीला आता एक साधा "हो" सापडेना. तिनं नुसता हात पुढे केला, आणि तो हात तेलानं माखलेला आहे हे दोघांच्याही नंतर लक्षात आलं.

त्यानं फोन खिशातून काढला. ती त्याला दारामागे घेऊन गेली आणि खुंटी दाखवली. आपल्या पिशवीतच त्याचा फोन टाकला तिनं.

ते ओट्यावर येऊन चहाचे कप हातात घेतात न घेतात तोच पिशवी वाजू लागली. त्याचा हात कपावर थबकला. वृषाली त्याच्याकडे तिरपं बघत म्हणाली, "उचला ना जी. दोन मिनिटांचं काम असते."

"आज करणची पाळी हाय."

पिशवी वाजत राहिली. थांबली. परत वाजली.

"उद्या साहेबानं इचारलं तर काय सांगसान? टॉवर नव्हता?"

हर्षदीपनं चहाचा घोट घेतला. मग आणखी एक. समोर त्याचा टॉवर लाल दिवा लावून उभा होता, आणि पांढऱ्या रानातून बाया डोक्यावर गाठोडी घेऊन घराकडे निघाल्या होत्या.

"सांगीन," तो म्हणाला, "टॉवर होता. मी उचलला नाही."

दिवस बुडाला. पंचफुलाबाई शेंगांनी भरलेलं सूप घेऊन बाहेर आली, दोघांच्या मधे ठेवलं, आणि सवयीनं त्याचा थंड कप उचलायला वाकली. कप रिकामा होता, आणि अजून गरम होता.